पाहिलेले आणि सापडलेले: सेरेसपासून मद्रासपर्यंत लघुग्रहांचा माग

१. प्रस्तावना

लघुग्रहांच्या इतिहासाविषयी पाठ्यपुस्तकांत बहुधा एकच ओळ असते: १ जानेवारी १८०१ रोजी ज्युसेप्पे पियाझ्झी यांनी सेरेस हा पहिला लघुग्रह शोधला. ही ओळ चुकीची नाही. पण तिच्यातील ‘शोधला’ या क्रियापदामागे पूर्ण एका वर्षाची धडपड आहे. पियाझ्झींनी तो प्रकाशबिंदू प्रथम पाहिला, तेव्हा तो काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. सहा आठवड्यांनी तो त्यांच्या हातून निसटला. त्यानंतर १८०१च्या डिसेंबरपर्यंत तो आकाशात नेमका कोठे आहे हे कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते.

या पाठात आपण एका साध्या प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहोत: आकाशात एखादी नवी वस्तू दिसली, तर ती ‘सापडली’ असे केव्हा म्हणायचे? लघुग्रहांच्या दोनशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासातून एक उत्तर मिळते. ती वस्तू उद्या, पुढच्या महिन्यात आणि पुढच्या वर्षी कोठे असेल हे सांगता आले, आणि तिसऱ्याच ठिकाणच्या माणसाला ती तेथे दिसली, म्हणजे ती सापडली. तोवर ती फक्त पाहिलेली असते. या फरकामुळे वेध घेणारे, गणित करणारे, ताऱ्यांच्या सूची तयार करणारे आणि माहिती वेळेवर पोहोचवणारे असे सगळेच शोधाचे भागीदार ठरतात. श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्नही तेथूनच सुरू होतो.

२. स्थान मोजणे म्हणजे काय?

लघुग्रह दुर्बिणीतून ताऱ्यासारखाच दिसतो. त्याला चकती नसते, शेपूट नसते. ताऱ्यांपासून त्याला वेगळे करणारी ठळक खूण एकच: तो सरकतो. तारे एकमेकांच्या संदर्भात वर्षानुवर्षे जवळपास स्थिर दिसतात, तर लघुग्रह एका रात्रीत त्यांच्यामधून थोडा पुढे गेलेला असतो. हे सरकणे लहान असते. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानचा लघुग्रह एका दिवसात साधारणपणे पाव अंश किंवा त्याहूनही कमी सरकतो. तुलनेसाठी लक्षात ठेवा, पूर्ण चंद्राची चकती सुमारे अर्धा अंश रुंद दिसते.

म्हणून डोळ्यांना ‘हलल्यासारखे वाटले’ एवढ्यावर भागत नाही, स्थान मोजावे लागते. पृथ्वीवरचे ठिकाण सांगायला आपण रेखांश आणि अक्षांश वापरतो. आकाशातील ठिकाण सांगायला तसेच दोन आकडे लागतात. पहिला विषुवांश, म्हणजे खगोलीय विषुववृत्तावर पूर्वेकडे मोजलेले अंतर. दुसरा क्रांती, म्हणजे त्या विषुववृत्तापासून उत्तरेस किंवा दक्षिणेस असलेले अंतर. हे आकडे ठराविक वेळेसह नोंदवले की एक वेध पूर्ण होतो.

लघुग्रहाची वाट सरळही नसते. पंचांगात ग्रह ‘वक्री’ आणि ‘मार्गी’ झाल्याच्या नोंदी आपण पाहतो. सूर्याभोवती फिरताना पृथ्वी बाहेरच्या संथ ग्रहाला मागे टाकते, तेव्हा तो ग्रह काही काळ ताऱ्यांमध्ये उलट, पश्चिमेकडे जाताना दिसतो. ही त्याची वक्री गती. नंतर तो क्षणभर थबकल्यासारखा होऊन पुन्हा पूर्वेकडे निघतो, म्हणजे मार्गी होतो. लघुग्रहही असेच वागतात. त्यामुळे आज दिसलेली दिशा सरळ रेघेने पुढे वाढवून पुढच्या वर्षीचे स्थान काढता येत नाही.

३. रिकाम्या जागेचा शोध

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील काही खगोलशास्त्रज्ञांना मंगळ आणि गुरू यांच्यामधील मोठी पोकळी खटकत होती. १७६६ मध्ये योहान टायटियस यांनी ग्रहांच्या अंतरांतील एक अंकक्रम दाखवला आणि १७७२ मध्ये योहान बोडे यांनी तो प्रसिद्धीस आणला. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतर १ मानले, तर या क्रमानुसार ग्रहांची अंतरे ०.४, ०.७, १.०, १.६, २.८, ५.२, १०.० अशी येतात. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू आणि शनी बऱ्यापैकी जुळत होते. २.८ या जागी मात्र काहीच नव्हते.

हा नियम कोणत्याही भौतिक सिद्धान्तातून निघालेला नव्हता. तरीही १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांना युरेनस दिसला आणि त्याचे अंतर सुमारे १९.२ निघाले. अंकक्रमातील पुढचा आकडा होता १९.६. या जुळणीमुळे २.८ची रिकामी जागा अधिकच लक्ष वेधू लागली. पुढे १८४६ मध्ये नेपच्यून सापडला, तेव्हा त्याचे अंतर नियमाप्रमाणे सुमारे ३९ असायला हवे होते, ते निघाले सुमारे ३०. म्हणजे ज्या नियमाने शोधाला चालना दिली तो नियम पुढे टिकला नाही. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

सप्टेंबर १८०० मध्ये फ्रान्झ फॉन त्साख आणि त्यांचे काही सहकारी उत्तर जर्मनीतील लिलिएन्थाल येथे जमले. हरवलेल्या ग्रहाचा शोध एकट्याने लागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी राशिचक्राचे २४ भाग केले, प्रत्येक भाग १५ अंशांचा. एकेक भाग एकेका खगोलशास्त्रज्ञाकडे सोपवायचा, त्याने त्या भागातील लहानसहान ताऱ्यांचा नकाशा करायचा आणि नकाशात नसलेला पाहुणा दिसतो का हे पाहायचे, अशी ती योजना होती. हे मंडळ ‘आकाशातील पोलीस’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्यांना भाग द्यायचा त्यांच्या यादीत सिसिलीतील पालेर्मोच्या पियाझ्झींचेही नाव होते. पण निमंत्रण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्यांच्या दुर्बिणीत तो पाहुणा येऊन गेला.

४. पालेर्मोतील चाळीस रात्री

पियाझ्झी हे कॅथलिक धर्मगुरू आणि पालेर्मो वेधशाळेचे संचालक होते. तेथील मुख्य उपकरण लंडनच्या जेसी रॅम्स्डेन यांनी बनवलेले, पाच फूट व्यासाच्या वर्तुळाचे होते. त्याच्या बारीक अंशांकनामुळे ताऱ्यांची स्थाने त्या काळच्या मानाने फार अचूक मोजता येत. पियाझ्झी नव्या ग्रहाच्या मागे नव्हतेच, ते ताऱ्यांची सूची तयार करत होते. त्यांची पद्धत शिस्तीची होती. एकच तारा एकदा मोजून ते थांबत नसत, अनेक रात्री तोच तारा पुन्हा पुन्हा मोजत.

या शिस्तीनेच काम केले. १ जानेवारी १८०१च्या रात्री वृषभ तारकासमूहातील तारे मोजताना त्यांनी एक अंधूक बिंदू नोंदवला. दुसऱ्या रात्री त्याच ताऱ्यांचे वेध पुन्हा घेतले, तेव्हा त्या बिंदूचा आकडा जुळेना. मोजण्यात चूक झाली असावी, असे प्रथम वाटणे स्वाभाविक होते. तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीही फरक त्याच दिशेने वाढत गेला आणि चुकीचा संशय मिटला. एकदाच मोजून पुढे जाणाऱ्या निरीक्षकाच्या सूचीत तो एक सामान्य तारा म्हणून कायमचा बसला असता.

जानेवारीच्या पहिल्या दहा-अकरा दिवसांत तो वक्री होता, नंतर मार्गी झाला. धूमकेतूसारखा धूसर झगा त्याला नव्हता आणि त्याची गती संथ व एकसारखी होती. ११ फेब्रुवारीपर्यंत पियाझ्झींनी त्याचे २४ वेध घेतले. मधल्या काही रात्री ढगांनी घालवल्या. मग ते आजारी पडले. ते बरे होईपर्यंत तो संध्याकाळच्या संधिप्रकाशात सूर्याच्या दिशेने सरकला होता आणि दिसेनासा झाला होता.

५. पत्रे, संकोच आणि हरवलेला ग्रह

पियाझ्झींनी २४ जानेवारीला बर्लिनमध्ये बोडे यांना आणि मिलानमध्ये आपले मित्र बार्नाबा ओरियानी यांना पत्रे लिहिली. बोडेंना त्यांनी धूमकेतू दिसल्याचे कळवले. ओरियानींना मात्र हे धूमकेतूपेक्षा काही अधिक असू शकते, अशी आपली शंका सांगितली. ही पत्रे पोहोचायला दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागला. सगळे वेध मात्र त्यांनी लगेच कोणालाच पाठवले नाहीत. कक्षा आपणच काढावी, अशी त्यांची इच्छा असावी, असे इतिहासकार मानतात. ते आकडे पॅरिसच्या लालांद यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञांकडे वसंत ऋतूत गेले आणि छापील स्वरूपात सर्वांसमोर आले ते सप्टेंबर १८०१ मध्ये, त्साख यांच्या मासिकात.

या विलंबावर तेव्हाही टीका झाली. पियाझ्झींच्या बाजूने पाहिले, तर वर्षानुवर्षांच्या कष्टांतून हाती आलेले आकडे दुसऱ्याच्या हवाली केले की श्रेयही जाण्याची भीती होती. इतरांच्या बाजूने पाहिले, तर वस्तू सूर्यामागे जात असताना प्रत्येक आठवडा मोलाचा होता. आज संशोधनात माहिती खुली ठेवावी की राखून ठेवावी यावर जो वाद होतो, त्याचे हे एक जुने रूप आहे.

दरम्यान पियाझ्झींनी या वस्तूला सिसिलीची धान्यदेवता आणि तेथील राजा फर्डिनांड यांच्यावरून ‘सेरेस फर्डिनांडिया’ असे नाव दिले. पुढे नावातील राजाचा भाग गळून पडला. म्हणजे १८०१च्या उन्हाळ्यात परिस्थिती अशी होती की ग्रहाला नाव होते, पण ठिकाण नव्हते.

६. सहा अज्ञात आणि तीन वेध

सेरेस पुन्हा शोधण्यातली अडचण गणिताच्या भाषेत नीट समजते. दुर्बिणीतून वस्तूची दिशा कळते, अंतर कळत नाही. जवळची संथ वस्तू आणि दूरची वेगवान वस्तू आकाशात एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकताना दिसू शकतात. शिवाय निरीक्षक स्वतःही फिरत्या पृथ्वीवर बसलेला असतो.

सूर्याभोवतीची लंबवर्तुळाकार कक्षा ठरवायला सहा आकडे लागतात: कक्षेचा आकार, तिचा लांबटपणा, तिच्या पातळीचा कल, ती पातळी कोणत्या दिशेला कललेली आहे, लंबवर्तुळाचे तोंड कोणीकडे आहे, आणि ठराविक क्षणी ग्रह त्यावर कोठे आहे. एका वेधातून दोन आकडे मिळतात. म्हणून किमान तीन वेध हवेत. पण तीन वेध असले की उत्तर आपोआप निघते असेही नाही. पियाझ्झींचे सगळे वेध ४१ दिवसांतले होते आणि तेवढ्या काळात सेरेसने आपल्या ३६० अंशांच्या फेऱ्यातले जेमतेम ९ अंश कापले होते. एवढ्याशा तुकड्यावरून पूर्ण वळण ओळखायचे होते. वेधातील अगदी लहान चुकीनेही उत्तर भलतीकडे जाऊ शकत होते.

अनेकांनी कक्षा वर्तुळाकार आहे असे मानून काम सोपे केले. काहींनी इतर गृहीतके धरली. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती.

ब्राउनश्वाइग येथे राहणारे २४ वर्षांचे कार्ल फ्रीडरिक गाउस यांनी असे कोणतेही सोयीचे गृहीतक न धरता प्रश्न हाती घेतला. त्यांनी वेधमालेच्या आरंभाचा, मध्याचा आणि शेवटचा असे तीन वेध निवडले. केप्लरच्या नियमांतून त्यांना तीन आधार मिळाले: कक्षा एका पातळीत असते, ती पातळी सूर्यातून जाते, आणि सूर्य व ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमते. प्रत्येक वेधाच्या वेळी पृथ्वी कोठे होती हे ठाऊक होते. या सगळ्यांची सांगड घालून त्यांनी आधी मधल्या वेधाच्या वेळचे सेरेसचे अंतर अंदाजे काढले. त्या अंतरावरून कक्षा काढली, कक्षेवरून अंतर सुधारले आणि उत्तर स्थिर होईपर्यंत हे चक्र चालवले. शेवटी ती कक्षा पियाझ्झींच्या उरलेल्या वेधांशी ताडून पाहिली.

या पद्धतीचे परिष्कृत रूप त्यांनी १८०९ मध्ये लॅटिन ग्रंथातून मांडले. त्यातच चुका असलेल्या अनेक वेधांतून सर्वांत योग्य उत्तर निवडण्याची ‘लघुतम वर्ग’ पद्धत होती. ती आपण १७९५ पासून वापरत आहोत, असा गाउस यांचा दावा होता. पण फ्रेंच गणिती लजांद्र यांनी तीच पद्धत १८०५ मध्ये आधी छापली होती. त्यामुळे दोघांत श्रेयाचा वाद झाला. पाहिलेले आणि सापडलेले यांच्यातला जो प्रश्न आकाशात होता, तोच येथे कागदावर आला: मनात असलेली पद्धत महत्त्वाची, की इतरांच्या हाती दिलेली?

७. पुन्हा दर्शन

गाउस यांनी सांगितलेले स्थान इतरांच्या अंदाजांपासून कित्येक अंश पूर्वेला होते. त्साख यांनी ते आपल्या मासिकात छापले. डिसेंबरच्या आरंभी त्यांना त्या भागात एक संशयित बिंदू दिसला, पण हवामानाने खात्री करू दिली नाही. ३१ डिसेंबर १८०१च्या रात्री आकाश मोकळे झाले, तेव्हा तो बिंदू सरकलेला होता. लगेच पुढच्या रात्री ब्रेमेनमध्ये हाइनरिश ओल्बर्स यांनाही तो स्वतंत्रपणे दिसला. पहिल्या वेळी सेरेस वृषभात होता, आता कन्या तारकासमूहात होता. गाउस यांच्या भाकिताशी फरक होता सुमारे अर्ध्या अंशाचा.

पहिल्या दर्शनापासून दुसऱ्या दर्शनापर्यंत बरोबर एक वर्ष गेले होते. सूर्यापासून सेरेसचे सरासरी अंतर सुमारे २.७७ निघाले. २.८ची ती रिकामी जागा भरली. मात्र मार्च १८०२ मध्ये ओल्बर्स यांना जवळपास त्याच अंतरावर पॅलास सापडला. एकाच जागेत दोन ग्रह बसेनात. हर्शेल यांनी अशा वस्तूंसाठी ‘ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या’ या अर्थाचे नवे नाव सुचवले. मराठीत आपण त्यांना लघुग्रह म्हणतो. १८०४ मध्ये जूनो आणि १८०७ मध्ये व्हेस्टा सापडला. मग ३८ वर्षे एकही नवा लघुग्रह सापडला नाही.

८. नकाशे आणि टपाल कचेरीतील माणूस

ही खोळंबलेली वाट पुन्हा चालू झाली त्याचे मोठे कारण ताऱ्यांचे नकाशे होते. अनोळखी माणूस ओळखायचा तर आधी गल्लीतले सगळे ओळखीचे असावे लागतात. बर्लिनच्या अकादमीने १८२०च्या दशकात राशिचक्राच्या पट्ट्यातील अंधूक ताऱ्यांचे तपशीलवार नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले. नेपच्यूनच्या शोधातही यांतलाच एक नकाशा उपयोगी पडला.

कार्ल हेन्के हे ड्रीसेन या गावचे टपालखात्यातील निवृत्त अधिकारी होते. विद्यापीठ नाही, मोठी वेधशाळा नाही. त्यांनी सुमारे पंधरा वर्षे चिकाटीने आकाशाचे भाग नकाशांशी ताडून पाहिले आणि डिसेंबर १८४५ मध्ये त्यांना पाचवा लघुग्रह अ‍ॅस्ट्रिया सापडला. १८४७ पासून तर असे एकही वर्ष गेलेले दिसत नाही, ज्यात नव्या लघुग्रहाची भर पडली नाही, अपवाद फक्त १९४५चा.

९. मद्रास: नुंगमबाक्कमची वेधशाळा

या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आपल्याच देशात घडला. ईस्ट इंडिया कंपनीची मद्रास वेधशाळा १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे उभी राहिली. तेथे थॉमस टेलर यांनी केलेली सुमारे ११,००० ताऱ्यांची सूची १८४४ मध्ये प्रसिद्ध झाली. १८६१ मध्ये नॉर्मन पॉगसन तेथे सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून आले. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या आजच्या मापनपद्धतीचा पाया त्यांनीच घातला होता. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, हे माप त्यांचे.

मद्रासचे स्थान या कामाला सोयीचे होते. शहर उत्तर अक्षांश १३ अंशांवर असल्यामुळे राशिचक्राचा पट्टा तेथून डोक्यावर उंच दिसतो, क्षितिजाजवळच्या दाट हवेतून पाहावे लागत नाही. आल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, १७ एप्रिल १८६१ रोजी पॉगसन यांना एक नवा लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’ ठेवले गेले. पुढे सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा असे आणखी चार लघुग्रह त्यांना मद्रासहून सापडले.

पण त्या वेधशाळेत पॉगसन एकटे नव्हते. चिंतामणी रघुनाथाचारी हे तेथील ज्येष्ठ भारतीय साहाय्यक होते. त्यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातील एक रूपविकारी तारा शोधला आणि १८७४च्या शुक्र अधिक्रमणाविषयी सामान्य वाचकांसाठी पुस्तिका लिहिली. ती भारतीय भाषांतही निघाली. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारे ते पहिले भारतीय. पॉगसन यांची कन्या आयसिस यांनी १८७३ पासून तेथे साहाय्यक म्हणून काम केले. १८८६ मध्ये त्यांचे नाव त्याच संस्थेच्या सदस्यत्वासाठी सुचवले गेले, पण स्त्रियांना प्रवेश नसल्यामुळे ते मान्य झाले नाही. सदस्यत्व मिळायला १९२० साल उजाडले. लघुग्रहाच्या नोंदीपुढे शोधक म्हणून एकच नाव येते. वेधशाळेचे रोजचे काम मात्र अनेकांच्या हातांनी चालत होते.

पाहणे आणि सापडणे यांतील फरक दाखवणारा प्रसंगही मद्रासमध्येच घडला. नोव्हेंबर १८७२ च्या अखेरीस गटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यांनी पॉगसन यांना तार केली. हरवलेला बिएला धूमकेतू पृथ्वीजवळून गेला असावा, तो दक्षिणेकडील अमुक ताऱ्याजवळ शोधा, असा तिचा आशय होता. पॉगसन यांनी २ आणि ३ डिसेंबरला त्या भागात एक धूमकेतू पाहिलाही. मग ढग आले आणि तो पुन्हा दिसला नाही. दोन रात्री म्हणजे दोन स्थाने, म्हणजे चारच आकडे. लागत होते सहा. त्यामुळे त्याची कक्षा ठरवता आली नाही आणि तो कोणता धूमकेतू होता याचा निकाल लागला नाही. निरीक्षक अनुभवी होता, दुर्बीण चांगली होती, तारही वेळेवर पोहोचली होती. उणीव होती ती फक्त तिसऱ्या रात्रीची.

१०. छायाचित्र, हरवलेले लघुग्रह आणि क्रमांकाचा नियम

डिसेंबर १८९१ मध्ये हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी छायाचित्राच्या साहाय्याने लघुग्रह शोधला. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीप्रमाणे फिरवत काच बराच वेळ उघडी ठेवली की तारे बिंदूंसारखे उमटतात आणि लघुग्रहाची लहान रेघ उमटते. आता नवे लघुग्रह इतक्या वेगाने दिसू लागले की त्यांचा माग ठेवणे हेच मोठे काम झाले.

काही लघुग्रह हातचे गेलेही. १९११ मध्ये व्हिएन्नातून योहान पालिसा यांना दिसलेला अल्बर्ट थोड्याच काळात हरवला आणि २००० साली पुन्हा सापडला. १९३७ मध्ये पृथ्वीच्या बऱ्याच जवळून गेलेला हर्मीस २००३ पर्यंत बेपत्ता होता.

आजची पद्धत या अनुभवांतून घडली आहे. नव्या वस्तूला आधी तात्पुरती संज्ञा मिळते. अनेक वर्षांच्या वेधांनी कक्षा भक्कम झाली की कायमचा क्रमांक मिळतो आणि त्यानंतरच नाव देता येते. जगभरचे वेध गोळा करण्याचे काम १९४७ पासून एक आंतरराष्ट्रीय केंद्र करते. सेरेसच्या बाबतीत नाव आधी आले आणि कक्षा नंतर. आता क्रम उलटा आहे.

भारतात मद्रास वेधशाळेचा वारसा कोडाइकनालमार्गे भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आला. या संस्थेच्या कावलूर येथील वेधशाळेत आर. राजमोहन यांना १९८८ मध्ये एक लघुग्रह सापडला. त्याचा क्रमांक ४१३० आणि नाव ‘रामानुजन’.

११. माग ठेवण्याचे आजचे मोल

जून २००४ मध्ये दिसलेल्या अपोफिस या लघुग्रहाविषयी त्या वर्षीच्या डिसेंबरात चिंता निर्माण झाली. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता काही दिवस २.७ टक्क्यांपर्यंत गेली. कारण तेच जुने होते: कक्षेचा लहान तुकडा. मग मार्च २००४ च्या जुन्या प्रतिमांत तो आधीच टिपला गेल्याचे आढळले. तुकडा लांबला आणि २०२९ची टक्कर बाद झाली. त्या दिवशी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेध वाढत असताना धोक्याची टक्केवारी आधी चढते आणि मग बहुधा एकदम खाली येते. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाच्या बाबतीतही फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच दिसले: शक्यता सुमारे ३ टक्क्यांवर गेली आणि काही दिवसांत नगण्य झाली. चढलेला आकडा म्हणजे वैज्ञानिकांची चूक नव्हे, आणि उतरलेला आकडा म्हणजे लपवाछपवीही नव्हे. त्या त्या दिवसापर्यंतच्या वेधांतून जेवढे सांगता येते तेवढेच तो आकडा सांगतो. बातम्या वाचताना ही समज उपयोगी पडते.

१२. समारोप

पियाझ्झींकडे उत्तम उपकरण आणि पुन्हा मोजण्याची शिस्त होती. त्यांच्या वेधांवाचून गाउस यांच्या गणिताला कच्चा मालच नव्हता. गाउस यांच्या गणितावाचून ते वेध एका अनाम बिंदूच्या नोंदी राहिले असते. त्साख यांचे मासिक नसते, तर हे दोघे एकमेकांपर्यंत पोहोचायला आणखी उशीर झाला असता. म्हणून ‘सेरेस कोणी शोधला?’ या प्रश्नाला परीक्षेत एक नाव लिहिणे योग्यच आहे, पण इतिहासाचा विद्यार्थी त्या नावामागची साखळीही पाहतो. मद्रासच्या दोन रात्रींचा धूमकेतू त्या साखळीची एक कडी निखळली तर काय होते हे दाखवतो.

स्वाध्याय

१. दोन वेधांवरून कक्षा का ठरवता येत नाही? स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. पियाझ्झींनी सर्व वेध तत्काळ प्रसिद्ध करायला हवे होते का? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या.
३. टायटियस-बोडे नियम पुढे टिकला नाही, तरी त्याचे ऐतिहासिक महत्त्व काय?
४. मद्रास वेधशाळेच्या कामात भारतीय साहाय्यक आणि स्त्रिया यांचा वाटा व त्यांना मिळालेली मान्यता यांची तुलना करा.
५. उपक्रम: सेरेस किंवा व्हेस्टा प्रतियुतीच्या सुमारास असताना द्विनेत्रीतून तो भाग पाहा. ताऱ्यांचा नकाशा हाताने काढा, तीन-चार दिवसांच्या अंतराने किमान तीन वेळा लघुग्रहाची जागा त्यावर खूण करा आणि तो वक्री आहे की मार्गी ते ठरवा.